हिराच्या जागेवर योगेशचा कूलर

हिंजवडीच्या जुन्या गावठाणातून बाहेर पडून माणच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला बजरंगचं घर होतं आणि घराच्या मागे गोठा. घरापेक्षा गोठाच मोठा. लग्नानंतर त्याने तो बांधला, तेव्हा गावातली माणसं मुद्दाम बघायला आली होती. खाली दगडी फरसबंदी, पाणी वाहून जायला मधोमध पन्हळ, दोन्ही अंगांना सिमेंटच्या गव्हाणी आणि वर लोखंडी कैच्यांवर पत्रा. वीस म्हशी ऐसपैस उभ्या राहतील एवढी जागा होती. औंध आणि बाणेरच्या सोसायट्यांमध्ये बजरंगच्या दुधाचा रतीब असे. एम-एटी मोपेडला दोन बाजूंना दोन कॅन लटकावून तो निघाला, की वाटेतली पोरंही बाजूला सरत.

पुढे डोंगराकडच्या जमिनी आयटी पार्कसाठी गेल्या. त्यात बजरंगचीही गेली. पैसे मिळाले, त्यांतून जुनं घर उतरवून दुमजली घर झालं. वरच्या चार खोल्यांत कंपन्यांमधली पोरं भाड्याने राहायला आली. म्हशी मात्र अडचणीत आल्या. चरायला जागा उरली नाही, कडबा लांबून आणावा लागे आणि त्यात भर म्हणून बजरंगचे गुडघे बोलायला लागले. पोरगा ऋषी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागला होता. शेणात हात घालणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं नाही. सकाळची शिफ्ट मागून घेतली, एवढंच. वर्षभरात एकेक करत म्हशी गेल्या. शेवटी राहिलेली हिरा मुळशीकडच्या एका ओळखीच्या माणसाने नेली.

त्यानंतरही बजरंग पहाटे उठायचा आणि गोठ्यात जाऊन गव्हाणीच्या काठावर बसायचा. बायडाबाई, त्याची बायको, चहा तिथेच आणून द्यायची. काही बोलायची नाही.

बोलायला चुलतभाऊ आप्पासाहेब होते. वयाने मोठे, जमिनींच्या व्यवहारात मुरलेले, अलीकडे बिल्डरांच्या ऑफिसात ऊठबस. "बजरंगा, हे पाडून टाक," ते येता-जाता म्हणत. "खोल्या काढ. नुसता पत्रा सांभाळत काय बसलायस?"

"बघू की," बजरंग म्हणायचा. पाडायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं. त्यातला एकेक दगड त्याने स्वतः बसवून घेतला होता.

पण आप्पासाहेबांचं बोलणं डोक्यात राहिलं. रिकामी जागा कामाला लावली पाहिजे, हे त्यालाही पटत होतं. कुणीतरी अळंबीचं सांगितलं, म्हणून त्याने पुण्यात जाऊन ते शिकून घेतलं. गोठ्यात दोऱ्यांना काडाच्या पिशव्या टांगल्या, ओलावा धरला. पीक असं फुटलं की बायडाबाई बघत राहिली. पण गावात कुणी हात लावेना. कुत्र्याच्या छत्र्या पैसे देऊन कोण खाणार, म्हणून बायका हसल्या. बजरंग टोपली घेऊन औंधला आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे गेला. एका काकूंनी दार उघडलं, टोपलीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण दूध कधी सुरू करताय?" रोज अळंबीचीच भाजी खाऊन खाऊन शेवटी ऋषीने डबा न्यायचंच सोडलं.

नंतर एक मांडववाला आला. त्याने कनाती, खुर्च्या आणि शेगड्या आणून टाकल्या. भाडं वेळेवर येत होतं. पण मागोमाग त्याची माणसंही आली, कनातींच्या गठ्ठ्यांवर बसून पत्ते पिसायला लागली आणि मग बाटल्या निघाल्या. वरच्या खोल्यांतली पोरं तक्रार करायची. बजरंग भिडेचा माणूस, तो आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिला. शेवटी बायडाबाईच एका सकाळी गोठ्यात शिरली आणि मांडववाल्याला म्हणाली, "म्हशी हागायच्या, पन असा वास यायचा न्हाई. आजच्या आज उचला."

गोठा पुन्हा रिकामा झाला.

वरच्या एका खोलीत योगेश राहायचा. तो यवतमाळकडचा, उंच, सडपातळ आणि बोलायला मोकळा. येताना त्याने गावाकडून भलामोठा लोखंडी कूलर आणला होता. पुण्यात त्याची गरज पडत नाही असं सगळ्यांनी सांगूनही उन्हाळ्याचे चार महिने तो घरघरत असायचा. एका रविवारी योगेश खाली आला आणि ओट्यावर बसला.

"काका, मी या आठवड्यात अमेरिकेला जाऊन राहिलो. ऑनसाइट, कंपनीच्याच कामाला. सहा महिने."

"ब्येस झालं की!" बजरंग म्हणाला. "मग तोंड का पाडलंस?"

"खोली सोडावी लागते नं. दोन्हीकडचं भाडं कसं भरू? आणि हे सगळं सामान. खाट, कूलर, पुस्तकं, गाडी. मित्राकडे ठेवावं तर त्याचीच खोली दहा बाय दहाची." त्याने मान वळवून घरामागे पाहिलं. "तुमचा गोठा रिकामाच आहे नं?"

"गोठ्यात?" बजरंगला ते बरं वाटेना. "अरे, शिकल्या-सवरल्या पोराचं सामान गोठ्यात कसं ठेवायचं?"

आतून बायडाबाईचा आवाज आला. "अवं, त्याला चालतंय तर तुमाला काय झालं? ठेव रे बाबा."

दुसऱ्या दिवशी योगेशचं सामान खाली आलं. पैसे नकोत म्हणून बजरंगने हात जोडले, तर योगेशने ते बायडाबाईच्या हातात कोंबले आणि वाकून नमस्कार करून गेला. खाट, कूलर आणि पुस्तकांचा खोका हिराला बांधायचे त्या कोपऱ्यात लागला. मोटरसायकल तिच्या शेजारी, मोगरी म्हशीच्या जागेवर.

बजरंग पहाटे गोठ्यात गेला आणि आज प्रथमच तिथे बघायला काहीतरी होतं. गाडीवर धूळ बसली होती. त्याने फडकं आणलं आणि गाडी पुसून काढली. मग त्याला वाटलं, ही अशीच उभी राहिली तर बॅटरी बसेल, चाकं चपटी होतील. दर दोन-चार दिवसांनी तो ती सुरू करून थोडा वेळ चालू ठेवायला लागला. चाक हाताने फिरवून बघायचा, साखळीला तेलाचा हात लावायचा. बायडाबाई दारात उभी राहून म्हणायची, "आता पाणी दावा आन पेंड घाला, म्हंजे झालं."

योगेश परत आला तो जाड होऊन. पिशवी खाली टाकून तो सरळ गोठ्यात गेला. गाडीला पहिलीच किक मारली आणि इंजिन धडधडायला लागलं. तो तसाच गाडीवर बसून राहिला.

"काका, माझ्या मित्राने त्याची गाडी नातेवाइकांच्या अंगणात लावली होती. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांची पिल्लं! तुम्ही हे काय केलं?"

"काई न्हाई. सकाळचा तेवढाच उद्योग," बजरंग म्हणाला. पण तो खूश झाला होता. संध्याकाळी त्याने ऋषीला हे दोनदा सांगितलं.

महिन्याच्या आत योगेशच्या ऑफिसातली दोन पोरं विचारत आली. मग त्यांच्या ओळखीची आणखी. कुणी जर्मनीला चाललं होतं, कुणी इंग्लंडला, कुणाला चेन्नईला पाठवत होते. सगळ्यांची अडचण एकच. येणार तर होते, पण खोली अडवून ठेवणं परवडत नव्हतं. आता बायडाबाईने सूत्रं हातात घेतली. गॅसची टाकी ठेवायची नाही. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, लोणच्याची बरणीसुद्धा नाही. पोतं शिवून आणायचं, उघडं चालणार नाही. पैसे आधी अर्धे, उरलेले परत आल्यावर. तिच्या तोंडी 'आनसाईट' हा शब्द असा रुळला की भाजीवालीलाही ती सांगायची, "ह्या म्हैन्यात चार जण आनसाईट चाललेत."

जागांना नंबर द्यावेत असं ऋषी म्हणाला. बजरंगने ऐकून घेतलं, पण बोलताना त्याच्या तोंडून जुनीच नावं यायची. हिराची जागा, मोगरीची जागा, सोनकीची, तांबडीची. पोरांनाही त्याची सवय झाली. परदेशातून फोन यायचा, "काका, सोनकीच्या इथे माझी निळी बॅग आहे, त्यात माझी मार्कशीट राहिलीय का बघता?" बजरंग जाऊन बघायचा.

सगळं सुरळीत चालू असताना घुशींनी दगा दिला. पूर्णिमा नावाची एक लातूरकडची मुलगी होती. तिने गादी आणि आईने शिवलेली गोधडी ठेवली होती. पावसाळ्यात घुशींनी गव्हाणीखालून बीळ पाडलं आणि पोत्यासकट गादी पोखरली. गोधडीचा एक कोपराही गेला. बजरंगला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. एकदा लाजेपायी तो म्हणालाही, "तिला सांगू, गादी भिजली म्हणून."

"कशापायी?" बायडाबाई म्हणाली. "खरं सांगायचं आन भरून द्यायचं."

तिने आपल्या दोन जुन्या लुगड्यांचे तुकडे काढले आणि गोधडीचा कोपरा शिवून पुरा केला. टाका मूळच्या टाक्यासारखाच पडावा म्हणून तिने तो दोनदा उसवला. पूर्णिमा आली, तेव्हा बजरंगने तिला पाणी द्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. तिने गोधडी उलटसुलट करून पाहिली.

"हा कोपरा आईपेक्षा बरा शिवलाय," ती म्हणाली. "आईला सांगू नका मात्र."

गादी बजरंगने नवी घेऊन दिली. मग त्याने बिळं दगड-सिमेंटने बुजवली, जुन्या फळ्यांचे गुडघाभर उंचीचे माचे करून घेतले आणि सगळं सामान त्यांवर चढवलं. बायडाबाईने दोन मांजरं आणून सोडली. ती कुणाच्या तरी खाटेवर झोपायची आणि रात्री कामाला लागायची.

अशी काही वर्षं गेली. घराला रंग लागला, बजरंगच्या गुडघ्यांचं औषधपाणी नीट सुरू झालं, ऋषीचं लग्न झालं. आप्पासाहेब पाडायचं म्हणायचे, पण आता पहिल्यासारखा जोर नव्हता. आणि मग दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली.

गोठ्यात येणारी पोरं तीच होती, पण चेहरे बदलले. पूर्वी जाताना पेढे द्यायची, आता मान खाली घालून टेम्पो उभा करायची. कुणी गावाला चाललं होतं आणि नोकरी लागेपर्यंत सामान ठेवा म्हणत होतं, तेही पैसे नंतर देईन म्हणून. बजरंग नाही म्हणू शकला नाही, आणि नवल म्हणजे बायडाबाईही म्हणाली नाही. गोठा कधी नव्हे इतका भरला. खाटांवर खाटा चढल्या, पंखे, टेबलं, बादल्या कैचीपर्यंत गेल्या. हातात मात्र काही येत नव्हतं.

"आता तरी ऐक," आप्पासाहेब म्हणाले. "एका परमिट रूमवाल्याला जागा पाहिजे. हे भंगार काढ आणि मोकळा हो."

"भंगार न्हाई ते. पोरांचं हाय," बजरंग म्हणाला. आप्पासाहेबांना त्याने असं तोडून पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं.

त्याच दिवसांत वैजनाथचा फोन आला. तो उमरग्याकडचा. चार वर्षांपूर्वी वर्षभरासाठी म्हणून परदेशात गेला होता आणि तिकडेच राहिला होता. "काका, मी आता काही परत येत नाही. इथेच कायमचं झालं. ते सामान टाकून द्या." वैजनाथची सागवानी खाट होती, पितळेचा तांब्या होता, एक ट्रंक होती. टाकून द्या म्हणजे कुठे टाकू, हे बजरंगला कळेना. त्याने विचारलं, "घरी कोन हाय तुझ्या?" वैजनाथने आईचा नंबर दिला.

वेणूबाईंनी फोनवर सगळं ऐकलं आणि विचारलं, "गाडी कुठं थांबती?" बजरंग म्हणाला, "स्वारगेटला." तिसऱ्या दिवशी त्या हजर. बजरंग त्यांना आणायला गेला, तेव्हा गर्दीत ओळखायचं कसं या काळजीत होता. पण त्या फलाटाच्या खांबाला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन अशा निवांत बसल्या होत्या, की जणू आपल्याच ओसरीत बसल्यात. दोन बस बदलून दोघं हिंजवडीला आली. काचेच्या इमारतींकडे बघत वेणूबाई वाटेत एकदाच बोलल्या. "हितंच हुता व्हय वैजू?"

"त्या तिकडच्या बिल्डिंगीत," बजरंगने बोट दाखवलं.

गोठ्यात पाऊल टाकलं आणि त्यांनी आधी गव्हाणीवर हात फिरवला. "म्हशी हुत्या की हितं."

"हुत्या," बायडाबाई म्हणाली. "वीस."

"माझ्याकडं दोन हाईत."

मग दोघींचं जे सुरू झालं ते कुठली म्हैस कशी, दूध किती, कुठली लाथ मारायची, यावर संध्याकाळपर्यंत चाललं. वैजनाथची खाट खाली काढली होती. वेणूबाई तिच्यावरच बसल्या होत्या, तिथेच त्यांनी भाकरी खाल्ली. ट्रंक उघडून बघितली. आत जुने शर्ट, वह्या आणि त्यांनीच कधीतरी पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा रिकामा डबा निघाला. डबा त्यांनी पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला. बायडाबाई उठून बाहेर गेली आणि मुद्दामच जरा उशिरा परत आली.

"तांब्या न्हेते," वेणूबाई शेवटी म्हणाल्या. "खाट कुठं न्हेऊ बसमदी?"

"टेम्पोनं पोचवतो की," बजरंग म्हणाला.

"नगं. घरी कोन झोपणार तिच्यावर?" त्यांनी वर पाहिलं. जिन्यावरून एक नवा पोरगा वर चालला होता, पाठीला एकच पिशवी. "ह्यो काय घिऊन आला?"

"ह्ये असंच येत्यात," बायडाबाई म्हणाली. "पैल्या पगारापत्तुर जिमिनीवर झोपत्यात."

"मग त्याला द्या की खाट. त्यो गेला की दुसऱ्याला. तुमी भाडं घ्या. लाकूड वापरात ऱ्हातंय तवर टिकतंय."

बजरंग आणि बायडाबाई एकमेकांकडे बघायला लागली. इतकी वर्षं ते जाणाऱ्यांचं सामान सांभाळत होते. येणाऱ्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

बायडाबाईने दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला घेतले. ज्यांचं सामान पडून होतं त्या प्रत्येकाला तिने स्वतः विचारलं. पुढच्या वर्षी येणार असशील तर तुझी खाट तुझीच. येणार नसशील किंवा पैसे थकले असतील, तर खाट भाड्याने देते, त्यातून थकबाकी फिटेल आणि वर उरलं तर निम्मं तुझं. गावाला बसलेल्या पोरांना तर हे ऐकून हायसं वाटलं. एकाने विचारलं, "म्हणजे काकू, मी घरी बसणार आणि माझी खाट कमावणार?"

"तुझ्यापेक्षा तिला आधी नोकरी लागली," बायडाबाई म्हणाली.

मंदी ओसरली आणि नव्या पोरांच्या झुंडी उतरायला लागल्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने, बसच्या ड्रायव्हरांनी, आजूबाजूच्या खोलीमालकांनी त्यांना बजरंगच्या गोठ्याचा पत्ता सांगायला सुरुवात केली. दोन दिवसांत रिकामी खोली राहण्यासारखी व्हायची; खाट, गादी, टेबल, पंखा, बादली, आरसा. योगेश तेव्हा बायकोसह वाकडला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. त्याने कूलर बक्षीसच देऊन टाकला, आणि तो विदर्भातून आलेल्या पोरांमध्ये इतका फिरला की कोणत्या खोलीत आहे हे बायडाबाईलाच सांगता यायचं. मोडकं दुरुस्त करायला बजरंगने एक सुतार ठेवला. स्वतः तो पंखे उघडून, साफ करून, तेल घालून बसवायला शिकला. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की दुपारच्या जेवणापर्यंत त्याला कुणाला हाक मारायलाही वेळ नसे.

आप्पासाहेब एकदा आले आणि बराच वेळ दारात उभे राहिले. बंगळुरूला बदली झालेल्या नातवाचं कपाट ठेवायचं होतं. "सागवानी आहे हो, जरा नीट ठेव," ते म्हणाले.

"तांबडीच्या जागेवर ठेवतो," बजरंग म्हणाला. "तिथं ओल येत न्हाई."

भाडं किती, हे आप्पासाहेबांनी विचारलं नाही आणि बजरंगनेही सांगितलं नाही. बायडाबाईने मात्र सांगितलं.

वेणूबाईंचा फोन महिन्यातून एकदा तरी यायचाच. वैजूला मुलगी झाली, म्हैस व्याली, पाऊस बरा आहे. आणि दर वेळी शेवटी, "या की एकदा." बजरंग हो-हो म्हणायचा. एका दिवाळीनंतर बायडाबाईने पिशवी भरली आणि त्याच्यासमोर ठेवली. बजरंग म्हणाला, "आन गोठा?"

"गोठ्याला काय चारा घालायचाय? कुलूप लावू, ऋषी हाय की घरी." तिने पिशवीचा बंद आवळला. "लगीन झाल्यापासून आपण दोघं कुठं मुक्कामाला गेलोय, सांगा."

बजरंग आठवायला लागला. म्हशी असताना धारेची वेळ चुकवून जाता येत नव्हतं. त्याआधी बैल होते. बहिणीच्या घरी गेला तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्याला एकही मुक्काम आठवेना. त्याने धोतर बदललं.

स्वारगेटला उमरग्याच्या बसमध्ये खिडकीची जागा बायडाबाईने धरली. हडपसर मागे पडलं, ऊस दिसायला लागला. बजरंगने पाय लांब केले. वाऱ्याने त्याला डुलकी लागली होती, इतक्यात पिशवीतला फोन वाजला. कुणी श्रद्धा म्हणून मुलगी होती, तिला आजच खाट आणि टेबल पाहिजे होतं.

"आमी गावाला चाललोय, पोरी," बायडाबाई इतक्या जोरात म्हणाली, की पुढच्या चार बाकांवरही ऐकू गेलं. "सोमवारी ये. तवर जिमिनीवर झोप, काई हुत न्हाई."

तिने फोन बंद करून पिशवीच्या तळाला टाकला, वरून भाकऱ्यांचं फडकं ठेवलं आणि बजरंगला विचारलं, "भूक लागली का?"

"लागली," बजरंग म्हणाला.